सुप्यापासून सुरुवात कर

चि. ताईस,


शिवरायांच्या राणी सोयराबाईंवर लिहायला घेतलंयस, तर एकदम १६८० च्या रायगडावर जाऊ नकोस. आधी आपल्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला ये. हल्ली तिथं लोक चिंकारा बघायला जातात. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, चाकण, इंदापूरबरोबर सुपंही होतं.

तिथला कारभार तळबीडच्या संभाजी मोहित्यांकडे. त्यांची बहीण तुकाबाई शहाजीराजांना दिलेली, म्हणून ते शिवरायांचे सावत्र मामा. सभासद बखरीत गंमत आहे: शिवराय शिमग्याचं पोस्त मागायच्या निमित्तानं गेले आणि मामांनाच कैद करून सुपं घेतलं! सोयराबाई याच मामांची लेक. महाल गेला, तरी सोयरीक तुटली नाही.

थोरल्या राणी सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवरायांच्या आजी उमाबाईही त्याच घरातल्या. १६५९ मध्ये सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. १६७० मध्ये सोयराबाईंना राजाराम झाले. म्हणजे थोरला निंबाळकरांचा भाचा, धाकटा मोहित्यांचा.

१६७४ चं साल नीट बघ. फेब्रुवारीत नेसरीला सरनौबत प्रतापराव गुजर पडले आणि सरनौबती सोयराबाईंचे बंधू हंबीरराव यांच्याकडे आली. जूनमध्ये सोयराबाई पट्टराणी झाल्या. मोहित्यांचं पारडं इतकं जड कधीच नव्हतं.

शिवराय गेल्यावर एप्रिल १६८० मध्ये संभाजीराजांना डावलून दहा वर्षांच्या राजारामांना मंचकी बसवण्यात आलं. अण्णाजी दत्तो, मोरोपंत हे मंत्री त्यात होतेच. तेव्हा त्यांना मुत्सद्दी म्हणायचं आणि सोयराबाईंना तेवढं कारस्थानी, असं करू नकोस. त्यांनी शिवरायांवर विषप्रयोग केल्याच्या कथा तर नाटकवाल्यांना राहू देत.

डाव फिरवला सख्ख्या भावानं. फौज हंबीररावांच्या हातात होती. त्यांनी भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची घेतली आणि मंत्र्यांनाच कैद केलं. रक्ताचं नातं इथं का चाललं नाही, हे तुझ्या लेखात यायला हवं. नुसता सावत्र आईचा राग लिहून भागणार नाही.

१६८१ मध्ये सोयराबाई गेल्या. पुढं हंबीररावांची लेक ताराबाई राजारामांनाच दिली गेली, आणि १७०० नंतर मुलाच्या नावानं तिनं औरंगजेबाशी झुंज दिली. तो भाग दोन ओळींत उरक, नाहीतर लेख तीच पळवून नेईल.

कऱ्हाडकडे गेलीस तर तळबीडला उतर. कच्चा मसुदा झाला की पाठव. सुप्याचा भाग आधी वाचेन.