पिन आपला आपण दाबावा

घराला कडी असते. पेटीला कुलूप असते. किल्ली कनवटीला असते. शेजाऱ्याच्या हाती किल्ली देऊन कोणी निजत नाही.

आता पेटीत पैसा थोडा आणि बँकेत जास्त. दुधाचा पगार, मजुरी, पेन्शन, सगळे खात्यात जमा होते. २०१६ साली यूपीआय नावाची सोय निघाली आणि खाते फोनात आले. त्या खात्याची किल्ली म्हणजे पिन. चार अंकांचा, नाहीतर सहा अंकांचा.

आता गावच्या दुकानात काय होते ते पाहा. आजीबाईंना तेल-मिठाचे पैसे द्यायचे असतात. त्या फोन दुकानदाराच्या मुलापुढे धरतात. म्हणतात, "बाळा, तूच दाब रे. माझा नंबर दोन, पाच, सात, तीन." दुकानात आणखी चार माणसे उभी असतात. मुलगा गुणाचा असेल. चौघेही भले असतील. पण किल्ली पाच जणांकडे गेली ना!

पूर्वी याला इलाज नव्हता. अंकच ओळखू येत नव्हते. आता तुम्ही अंक गिरवले आहेत. तेव्हा पिन दुसऱ्याकडून दाबून घेण्याचे कारण उरले नाही.

एक अडचण मात्र आहे. फोनवरचे अंक बहुधा इंग्रजी असतात. ॲपची भाषा मराठी केली तरी अंक तेच राहतात. मराठी दोन, तीन आणि शून्य इंग्रजी अंकांशी मिळतेजुळते आहेत. ते चटकन ओळखू येतात. पण दोन अंक हमखास फसवतात. इंग्रजी आठ हा आपल्या मराठी चारसारखा दिसतो. आणि इंग्रजी नऊ हा आपल्या मराठी एकसारखा दिसतो.

ही गंमत नव्हे, यात पैसे जातात. समजा, खताच्या दुकानात चारशे रुपये द्यायचे आहेत. कोणी चुकून किंवा मुद्दाम आठशे टाकले. तुम्ही पडद्यावर पाहिले. तुम्हाला ते चारशेच वाटले. पिन दाबला. आठशे गेले! म्हणून इंग्रजी आठ आणि नऊ हे दोन अंक घरातल्या शाळकरी पोराकडून वहीत काढून घ्या. पाच-दहा वेळा गिरवा. मग दुकानात जा. पैसे देण्याआधी दोन गोष्टी वाचायच्या. रक्कम किती, आणि नाव कोणाचे. पिन त्यानंतर.

पिन दाबताना तळहात आडवा धरावा, किंवा पदर घ्यावा. यात लाजण्यासारखे काही नाही. जन्माचे साल किंवा एक-दोन-तीन-चार असा पिन ठेवू नये. चोर आधी तोच दाबून पाहतो. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर पिन लिहिणारेही आहेत. हे म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपालाच टांगणे झाले.

आता मुख्य गोष्ट. पिन कधी लागतो? पैसे द्यायला लागतो. पैसे घ्यायला लागत नाही. हे एक वाक्य ध्यानात राहिले तर निम्मी फसवणूक टळेल.

समजा, तात्यांना शेळी विकायची आहे. मुलाने शेळीचा फोटो फोनवरून पाठवला. दुसऱ्या दिवशी एक फोन येतो.

"शेळी पसंत आहे. सहा हजार देतो."

तात्या म्हणतात, "शेळी बघायला येता का?"

"बघायचं काय त्यात? मी फौजेत आहे, सुट्टी नाही. पैसे आत्ताच पाठवतो. तुम्हाला एक चौकटीचं चित्र पाठवलंय. ते स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे लगेच खात्यात येतील."

तात्यांचा अंगठा पुढे होतो. सून चुलीपासून उठून येते.

"मामंजी, थांबा. पैसे ते देणार ना?"

"हो."

"मग पिन त्यांनी टाकायचा. तुम्ही का म्हणून?"

सुनेचा प्रश्न बरोबर आहे. चौकटीचे चित्र स्कॅन करणे म्हणजे देण्याची तयारी करणे. दुकानात आपण तेच करतो. घेणाऱ्याने काही करायचे नसते. पैसे आपोआप येतात. आणि न बघता सहा हजारांची शेळी कोणी घेतो का, हाही प्रश्न तात्यांना पडायला हवा होता. फौजेचे नाव काढले की आपला विश्वास बसतो. ठगांना ते ठाऊक असते.

दुसरी किल्ली आहे ओटीपी. फोनवर एकदाच वापरण्याचा आकडा येतो. बँकवाला म्हणून कोणी तो विचारला तर सांगू नये. खरी बँक तो विचारत नाही. तसेच लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून एखादी फाईल फोनवर येते. ती उघडली की फोनात नवे ॲप बसते, आणि आपले निरोप चोराला दिसू लागतात. लग्नाचे आमंत्रण खरे असेल तर पाहुणा घरी येईल, नाहीतर फोन करील. कधी कोणी पोलिसाच्या वेषात व्हिडिओवर दिसतो आणि म्हणतो, "तुम्हाला अटक झाली आहे, कोणाला सांगू नका." फोनवरून अटक करण्याचा कायदा आपल्या देशात नाही. फोन बंद करा आणि शेजाऱ्याला सांगा.

आता अंगठ्याविषयी. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला. आज आधार आणि अंगठा यांवर गावातच खात्यातून पैसे काढता येतात. बँकेची खेप वाचते. म्हाताऱ्या माणसांना ही मोठीच सोय झाली. पण यंत्रावर बोट ठेवण्याआधी रक्कम वाचा. "अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा," असे कोणी म्हणाले तर आधी पावती मागा. एकदा पैसे निघालेले असू शकतात. ज्यांना अंगठ्याने पैसे काढायचेच नसतात त्यांना अंगठ्याला कुलूप लावता येते. आधारच्या ॲपवर ती सोय आहे. हवे तेव्हा कुलूप उघडताही येते. चौकशीचा फोन क्रमांक १९४७. स्वातंत्र्याचे साल, विसरायला होत नाही.

एवढे करूनही पैसे गेले तर? रडत बसू नये. लोक काय म्हणतील म्हणून लपवू तर मुळीच नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवतो. मध्येच अडवले तर ते थांबवता येतात. त्यासाठी वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी नियम काढला. पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले गेले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचे. म्हणजे तास-दोन तास लाजेत घालवले तर नुकसान आपलेच वाढते. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून घ्या.

फोनच हरवला तर आधी कंपनीला सांगून सिम बंद करावे. कारण ओटीपी सिमवर येतो. मग बँकेला कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी या ठिकाणी फोन बंद पाडता येतो. मग त्यात दुसरे सिम घातले तरी तो चालत नाही. त्यासाठी फोनचा स्वतःचा क्रमांक लागतो. तो फोन हाती आहे तोवरच लिहून ठेवायला हवा. फोन लावतो त्या जागी आधी चांदणी दाबा, मग जाळीची खूण, मग शून्य, सहा आणि पुन्हा जाळीची खूण. पंधरा अंक दिसतील. दोन सिमच्या फोनात असे दोन क्रमांक असतात. दोन्ही वहीत उतरवून घ्या. अंक मोजून पाहा. आणि आठ कुठे, चार कुठे, ते नीट बघा.