चाचणी मुलांची, कसोटी पालकांची

परीक्षा मुलांची असते, धडधड मात्र पालकांची वाढते. आमचे घरही याला अपवाद नव्हते. सहावीतल्या आमच्या मुलीने गणिताच्या घटक चाचणीचा पेपर गादीखाली लपवून ठेवला होता. २० पैकी ७ गुण! गुणांपेक्षा लपवण्याचे दुःख आम्हांला अधिक झाले. विचार करता दोष आमचाच निघाला. ती घरात येताच "किती पडले?" एवढेच आम्ही विचारीत असू.

आम्ही बँकेत नोकरी करतो. सायंकाळी रोकड जुळली नाही, तर रोखपालावर ओरडून फरक सापडत नाही. एकेक नोंद तपासावी लागते. फरकाला ९ ने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असे जाणकार सांगतात. ४५०० ऐवजी ५४०० लिहिले, की फरक ९०० येतो. म्हणजे चूकच आपला पत्ता सांगते!

मुलीचा पेपर आम्ही तसाच तपासला. उदाहरणे बरीच चुकली होती, पण चूक एकच होती. अपूर्णांकांच्या बेरजेत ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवीत होती. १/२ आणि १/३ यांची बेरीज तिने २/५ केली होती. आम्ही विचारले, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?" ती हसली आणि छेद समान करू लागली.

यावरून आम्ही काही नियम केले :

१) धडा वाचल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून पाहिल्याने आठवड्यानंतरही अधिक लक्षात राहते, असे रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना २००६ साली आढळले.

२) आदल्या रात्री नवा धडा नको. कंपासपेटी भरावी आणि वेळेवर झोपू द्यावे.

३) अभ्यासाच्या वेळी टीव्ही व मोबाइल मोठ्यांनीही बंद ठेवावेत.

४) शेजारच्या मुलांशी तुलना करू नये.

५) पेपर देऊन आल्यावर आधी जेवण, मग "काय अडले?" हा प्रश्न.

पुढच्या चाचणीत तिला १२ गुण पडले. पैकीच्या पैकी नव्हेत. पण तो पेपर तिने स्वतःहून आमच्या हातात दिला.

पालक बंधू-भगिनींनो, मूल आपली चूक निर्भयपणे घरी दाखवू लागले, की निम्मी तयारी झाली असे समजावे.