बल्ब बदलण्याआधी

चि. ओंकार,

फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि शेवटी मनातलं तेच करतोस, म्हणून हे कागदावर लिहितोय.

दाजींची आरएक्स हंड्रेड तू परत रस्त्यावर आणतोयस याचा आनंद आहे. ते मॉडेल आपल्या देशात १९८५ला आलं आणि १९९६ला बंद झालं, म्हणजे या गाडीचं वायरिंग तुझ्यापेक्षा थोरलं. मीटर आणि साइड लाइटला, म्हणजे इंडिकेटरला, एलईडी बसवायचं तुझ्या डोक्यात आहे. बसव. एकच गोष्ट आधी समजून घे. ते वायरिंग ज्यानं आखलं, त्यानं प्रत्येक होल्डरमध्ये तारेचा बल्ब धरलेला आहे. त्यातून करंट किती जाणार, थंड असताना ती तार किती अडवणार, यावर बाकीचं बेतलंय. तो बल्ब उजेड देतो, शिवाय सर्किटचा एक तुकडा म्हणूनही काम करतो. तो काढलास की त्याचं दुसरं काम कोण करणार, हे आधी ठरवायचं.

इंडिकेटर मिचकावणाऱ्या फ्लॅशरचंच घे. जुन्या इंडिकेटरचा बल्ब बहुधा १० वॅटचा. पुढचा-मागचा मिळून २० वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास. जुन्या फ्लॅशरमधली पट्टी या करंटनं तापते, वाकते, जोड तोडते. गार झाली की पुन्हा जोडते. एलईडी याच्या दहाव्या हिश्श्यानंही भागवते. मग पट्टी तापतच नाही आणि दिवा नुसता जळत राहतो. काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटं वागतात: लोड कमी झाला की एक बल्ब उडाला असं समजून दुप्पट वेगानं फडफडतात. दुकानदार यावर तुला रेझिस्टर देईल, प्रत्येक बाजूला एक. घेऊ नकोस. एलईडीनं वाचवलेली वीज तो रेझिस्टर जाळून टाकतो आणि इतका तापतो की शेजारच्या वायरचं आवरण मऊ पडतं. त्यापेक्षा लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर माग. त्याला बहुतेक वेळा तिसरी, अर्थची पिन असते. ती जोडायला विसरू नकोस. बसवल्यावर घड्याळ लावून मोज. मिनिटाला ६० ते १२० मिचकाव्यांत बसला पाहिजे. ८०-९० असेल तर उत्तम.

आता जिथं चांगले चांगले मिस्त्री डोकं धरून बसतात ती जागा. चारही एलईडी बसतात, फ्लॅशर नवा, आणि डावीकडचं बटण दाबलं की चारही कोपरे एकदम लुकलुकतात. शॉर्ट शोधत सगळी वायर उसवली जाते. शॉर्ट नसतोच. जुन्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा पायलट, म्हणजे खुणेचा दिवा, असतो, आणि त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. डावी बाजू चालू असताना करंट पायलटमधून उजवीकडं जातो आणि तिथल्या थंड तारेतून अर्थ गाठतो. पायलट लागतो, उजवे बल्ब मात्र लागत नाहीत, कारण एवढ्याशा करंटनं १० वॅटची तार साधी कोमटही होत नाही. तिथं एलईडी आली की तेवढाच करंट तिला पुरतो आणि ती लागते. उपाय दोन डायोडचा, वन एन चार हजार सात नावाचे, किरकोळ किमतीचे. एक डाव्या वायरला, एक उजव्या वायरला. दोघांच्या चंदेरी पट्ट्यांची टोकं एकत्र करून पायलटच्या एका टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थला. जोड झाळून घे, वर हीट श्रिंक चढव. नुसती पिळून टेप गुंडाळलेली मला दाखवू नकोस.

पायलटलाही एलईडी घालणार असशील तर ती एकाच दिशेनं लागते हे ध्यानात ठेव. काचेच्या पाचरीचा बल्ब असेल तर उलटा फिरवून बघायचा, बस्स. न्यूट्रलच्या दिव्याचंही तेच.

मीटरच्या उजेडाला मात्र थांब. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइट, टेललाइट आणि मीटरचा दिवा बॅटरीवर नसून कॉइलच्या एसी लाइनवर असतो. तारेच्या बल्बला एसी-डीसी सारखंच. एलईडी मात्र अर्ध्या फेऱ्यात विझते, आयडलिंगला डोळ्यांत खुपेल अशी थरथरते, आणि स्वस्तातली असेल तर उलट्या व्होल्टेजनं थोड्याच दिवसांत जाते. वाटलंच तर मीटरची वायर किल्लीनंतरच्या डीसी लाइनवर हलव. आणि निळसर पांढरी घेऊ नकोस. रात्री घाटात तो डायल डोळ्यांवर येतो. पिवळसर उजेडाची घे.

रंगाबद्दल अजून. पांढरी एलईडी मुळात निळी असते, तिच्यावर पिवळी पूड चढवलेली. त्या निळ्या एलईडीसाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण तिच्या पांढऱ्या उजेडात लाल थोडाच असतो. म्हणून लाल काचेमागं ती फिकी, गुलाबीसर दिसते. अंबर काचेमागं अंबर, लाल काचेमागं लाल असाच बल्ब घे. टेललाइटला यात एक मेख आहे: त्याच बल्बचा उजेड खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर पडतो, आणि प्लेटवर उजेड पांढराच हवा. पूर्ण लाल एलईडी घातलीस तर प्लेट लाल दिसणार. माझं मत विचारशील तर टेललाइटला जुना दोन तारांचाच बल्ब राहू दे. हेडलाइटलाही हात लावू नकोस. तो रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या जागेवर घडवलेला आहे, त्यात चिप भलतीकडं बसली की समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारात राहतो.

इंडिकेटर बसवले की भर दुपारी गाडी उन्हात लाव आणि वीस पावलं मागं जाऊन बघ. तिरकं उभं राहूनही बघ. काही बल्ब समोरून झगझगतात, बाजूनं दिसतच नाहीत, आणि वळताना ट्रकवाला तुला बाजूनंच बघत असतो. तिथं जुना बल्ब उजवा ठरला तर नवा परत कर. लाज कसली त्यात.

या सगळ्याच्या आधी होल्डर पॉलिश पेपरनं घास, इंडिकेटरच्या दांडीचा गंज काढ, प्रत्येकाला अर्थची वेगळी वायर दे. कदाचित एवढ्यानंच जुने बल्ब इतके उजळतील की तुझा निम्मा बेत रद्द होईल.

दाजींना आणि ताईला नमस्कार सांग. खरेदीला जाण्यापूर्वी मला एवढं कळव: इंजिन बंद, किल्ली चालू, लाइटचं बटण चालू, अशा वेळी मीटरचा दिवा लागतो की नाही? त्यावरून पुढचं सांगतो.

तुझा,
मामा