घुमटाखालचा खडक

प्रश्न : जेरुसलेमच्या सोनेरी घुमटाखाली एक खडक आहे, असे वाचले. तो ज्यू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिघांनाही पवित्र कसा?

उत्तर : हा दगड कुणी आणून बसवलेला नाही. टेकडीचा माथाच तो. चुनखडीचा, ओबडधोबड, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकने इ.स. ६९१-९२ च्या सुमारास त्याच्याभोवती ही अष्टकोनी वास्तू पुरी केली. खडकाच्या पोटात एक लहानशी गुहा आहे. पायऱ्या उतरून आत गेले की छतातल्या गोल भोकातून वरचा उजेड खाली येतो. मुस्लिम तिला ‘आत्म्यांची विहीर’ म्हणतात. प्रेषित मुहंमद इथूनच स्वर्गारोहणाला निघाले, ही त्यांची श्रद्धा.

ज्यूंसाठी हा जगाचा पाया. सृष्टीची सुरुवात इथून झाली, अब्राहमने मुलाला बळी देण्यासाठी बांधले तेही इथेच, असे ते मानतात. त्यांच्या मंदिराचा गाभारा याच जागी होता, अशी परंपरा आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडले.

ख्रिस्ती लोकांचे नाते खडकापेक्षा मंदिराशी, कारण येशूने त्या मंदिरात उपदेश केला होता. १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, म्हणजे क्रुसेडरांनी, शहर जिंकले आणि घुमटाच्या वास्तूचे चर्च केले. मग यात्रेकरू खडकाचे टवके काढून नेऊ लागले. युरोपात त्या तुकड्यांना सोन्याच्या वजनाने भाव येई, असे तेव्हाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. खडक झिजून संपेल या भीतीने त्यावर संगमरवरी फरशी घालावी लागली, भोवती लोखंडी जाळी बसवावी लागली. ११८७ मध्ये मुस्लिम सुलतान सलाउद्दीनने शहर घेतले, फरशी उखडली आणि खडक पुन्हा उघडा केला. छिन्नीचे घाव आजही त्यावर आहेत. भक्तीनेच दगडाला एवढी इजा करावी, हे वाचताना मला फार वाईट वाटले.

याच्या अगदी उलट वागणे धर्मनिष्ठ ज्यूंचे. गाभाऱ्यात फक्त मुख्य पुरोहिताने, तेही वर्षातून एकदा, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जायचे, असा नियम होता. आता गाभाऱ्याची नेमकी जागा खात्रीने सांगता येत नाही. चुकून तिच्यावर पाय पडेल म्हणून त्यांतले बरेच जण टेकडीवरच्या आवारातच शिरत नाहीत. तशी सूचना देणारी ज्यू धर्मपीठाची पाटी प्रवेशाच्या वाटेवर लावलेली आहे. ते खाली, आवाराच्या पश्चिम भिंतीपाशी उभे राहून प्रार्थना करतात. आणि आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतले बेने इस्रायली ज्यू सिनेगॉगमध्ये पश्चिमेला तोंड करून उभे राहतात, ते याच टेकडीच्या दिशेने.