बिघाड व्हॉल्व्हचा की मोटारीचा?

धंतोलीतल्या एखाद्या बंगल्यामागे छोटा जलतरण तलाव आणि शेजारी गरम पाण्याचं कुंड आहे असं समजा. पंप एकच. पाणी कुठून ओढायचं हे एक तीन-तोंडी व्हॉल्व्ह ठरवतो, कुठे सोडायचं हे दुसरा. दोन्हींच्या डोक्यावर छोटी मोटार. कुंडावरून तलावावर जाण्यासाठी बटण दाबलं. सोडणारा व्हॉल्व्ह वळला, पण ओढणारा कुंडाकडेच अडकला. आता कुंडातलं पाणी उपसून तलावात पडतंय. थोड्याच वेळात कुंड रिकामं होणार, पंप हवा ओढणार आणि कोरडा चालून त्याचं सील जळणार!

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो, "मोटार गेली, नवीन टाका." पण दोष व्हॉल्व्हमध्ये असेल तर नवी मोटारही तिथेच अडकेल. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

आत काय असतं?

बहुतेक वेळा २४ व्होल्ट एसीवर चालणारी मोटार, गिअर, एक कपॅसिटर, दांड्यावर दोन कॅम आणि त्यांच्याशी दोन मायक्रोस्विच. तारा तीन : एक कॉमन, दोन दिशांच्या. व्हॉल्व्ह टोकाला पोचला की कॅम स्विच उघडतो आणि मोटार थांबते. थोडक्यात, आपल्या लॅबमधलंच फॉरवर्ड-रिव्हर्स आणि लिमिट स्विच.

तपासणी

१) आधी पंप आणि मेन स्विच बंद. मोटार २४ व्होल्टची असली तरी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे २३० आहेत, आणि आपण ओल्या फरशीवर उभे असतो. पॅनेलच्या आतलं काम वायरमनकडेच द्यावं.

२) मूठ कुठे आहे त्याची मार्करने खूण करा. मूठ व स्क्रू काढून मोटार उचला आणि व्हॉल्व्हचा दांडा हाताने फिरवून बघा. हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. घट्ट असेल तर दोष व्हॉल्व्हचा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरच्या पंपावर बसतो तोच पांढरा थर इथेही बसतो. व्हॉल्व्ह उघडून साफ करा, ओ-रिंग तपासा, सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने काही जातींचं रबर फुगतं.

३) दांडा सहज फिरतो? मग मोटारीचा प्लग काढा, पुरवठा सुरू करा आणि कॉमन व प्रत्येक तार यांच्यात एसी व्होल्टेज मोजा. बटण बदललं की २४ व्होल्ट एका तारेवरून दुसरीवर गेले पाहिजेत. प्लग लावून मोजलं तर कपॅसिटरमुळे दुसऱ्या तारेवरही व्होल्टेज दिसतं आणि आपण फसतो. व्होल्टेज येतच नसेल तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, रिले किंवा उंदराने कुरतडलेली तार बघा.

४) व्होल्टेज ठीक आहे? मग मोटार व्हॉल्व्हवर न बसवता चालवा.
- नुसती गुणगुणते : कपॅसिटर कमजोर किंवा गिअर अडकलेला.
- मोटार फिरते, दांडा नाही : गिअरचे दात गेले.
- एकाच दिशेने जाते : दुसऱ्या बाजूचा मायक्रोस्विच.
- भलत्याच जागी थांबते : कॅम सरकला.

मोटार परत बसवताना खूण जुळवा. पंप सुरू करण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्व्ह एकाच बाजूला आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. दिवा फक्त हुकूम गेल्याचं सांगतो, काम झाल्याचं नाही.

आता कुणी म्हणेल, होस्टेलवर कुठला आलाय स्विमिंग पूल! पण टाकीचा पंप आहे, कूलर आहे, प्रोजेक्टमधली मोटार आहे. यंत्र बंद पडलं की आधी त्याचे दोन भाग वेगळे करा आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा. स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर एवढ्यावर भागतं. पाकीट नंतर काढा.