आभासी डेस्कटॉपची साठवण

दिल्लीत शास्त्री पार्क येथे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे माहितीकेंद्र आहे. अशा केंद्रात कचेरीचे आभासी डेस्कटॉप ठेवले, म्हणजे मेजावर पडदा व कळफलक एवढेच उरतात. संगणन दूरच्या यंत्रांवर चालते. तेथील साठवण किती मोठी, यापेक्षा ती किती चपळ, हे आधी पाहावे. सकाळी सारे कर्मचारी एकदमच डेस्कटॉप उघडतात, तेव्हा तिची खरी परीक्षा होते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय तबकडीला अर्ध्या फेऱ्यासच सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष सरकण्याचा वेळ मिळविला, तर विखुरलेल्या मागण्या ती सेकंदास शंभरही पुरवीत नाही. फिरता भाग नसलेली अर्धवाहक साठवण हजारो पुरविते. ती महाग खरीच! म्हणून सर्वांस समाईक असलेली मूळ प्रत व रोजचे लेखन तिच्यावर, आणि क्वचित लागणाऱ्या फायली तबकड्यांवर ठेवितात.