वारसाने मिळते, पण विकता येत नाही

वनहक्काचा पट्टा बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवलेला असतो. ज्याच्या नावे तो आहे तो माणूस गेला की घरचे विचारतात, आता जमीन सरकारजमा होणार का?

नाही. वनहक्क कायदा, 2006, कलम 4(4) सांगते की हा हक्क वारसाकडे जातो. थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे जातो. म्हातारपणाच्या पेन्शनसारखा तो माणसाबरोबर संपत नाही. जी मालमत्ता किंवा हक्क धारकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे जातो, त्यालाच वारसायोग्य म्हणायचे.

मात्र त्याच कलमात दुसरी अट आहे. हा हक्क विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. सावकाराने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला तरी पट्टा त्याचा होत नाही. काही तरुणांना ही अट जाचक वाटते. मला ती कुंपणासारखी वाटते.

विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा, असेही हे कलम सांगते. म्हणून नवरा गेल्यावर विधवेला दिराच्या दारी जावे लागू नये. ती आधीपासूनच सहधारक आहे. पट्ट्यावर तिचे नाव खरेच आहे का, हे आजच पेटी उघडून पाहा.

मुलींचे काय? इथे गुंता आहे. हिंदू वारसा कायदा, 1956, कलम 2(2) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे वारसा रूढीने ठरतो, आणि रूढी सांगणारे बहुधा पुरुषच. पण 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांना तिच्या वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला. मुलींना वगळणारी रूढी कोणी सिद्ध केली नव्हती, आणि तशी रूढी नसताना केवळ स्त्री म्हणून वगळणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. पवित्र शास्त्राच्या वाचकांना गणना 27 मधल्या सलाफहादाच्या पाच मुली आठवतील. त्यांनीही मोशेपुढे उभे राहून बापाचे वतन मागितले होते, आणि ते त्यांना मिळाले.

आता नोंदीविषयी. सातबाऱ्यावरच्या जमिनीचा हक्क वारसाने आला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे द्या. सर्व म्हणजे लग्न होऊन गेलेल्या मुलींचीही. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणीच लागतो. म्हणून नाव राहून गेले तरी हक्क बुडत नाही. तरी पुढे भांडण निघाले की सगळे आधी सातबाराच पाहतात, म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका. ती पोच त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.